वाचक विचारतात : सरोवरातले दांडगे ट्राउट

गेल्या अंकातल्या लेखात रेनबो ट्राउटचा उल्लेख ओझरता आला होता. रशियातल्या कामचाटकापासून मेक्सिकोपर्यंत, पॅसिफिक महासागराला मिळणाऱ्या थंड पाण्यांतला हा मासा माणसानं जगभर नेऊन सोडला, एवढंच त्यात होतं. पत्रं मात्र जवळजवळ सगळी त्याच्या आकाराबद्दल आली. गळाला लागलेल्या राक्षसी ट्राउटचे फोटो पाहून बऱ्याच जणांची झोप उडालेली दिसते. माझी नोकरी आधी मत्स्यबीज केंद्रात आणि नंतर माशांचे खवले वाचण्यात गेली. गळ मी हौसेपुरता टाकते. तेव्हा उत्तरं त्याच अंगानं येणार, हे धरून चाला.

ताई, एका फोटोत एक माणूस कलिंगडाएवढ्या पोटाचा रेनबो ट्राउट दोन्ही हातांनी कसाबसा पेलून उभा आहे. खाली ४८ पौंड लिहिलंय. हे खरं, की संगणकाची करामत?

फोटो मी पाहिलेला नाही, पण आकडा खरा आहे. ४८ पौंड म्हणजे पावणेबावीस किलो. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या डिफेनबेकर सरोवरात शॉन कॉनराड यांनी ५ सप्टेंबर २००९ रोजी हा मासा काढला. तो जागतिक विक्रम ठरला. गंमत म्हणजे त्याआधीचा विक्रम त्यांच्याच जुळ्या भावाचा, अ‍ॅडम यांचा. त्यांनी २००७ मध्ये त्याच सरोवरात ४३ पौंड १० औंसांचा मासा पकडला होता. त्याच्याही आधी १९७० पासून अलास्कातल्या बेल आयलंडच्या ४२ पौंड २ औंसांच्या माशाचं नाव विक्रमांच्या वहीत होतं, पण तो समुद्रात चरून वाढलेला.

आता यातली मेख. डिफेनबेकरचे ते मासे तिथल्या पिंजऱ्यातल्या मत्स्यशेतीतून निसटलेले होते आणि ट्रिप्लॉइड होते. साध्या माशाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, यांच्यात तीन. हे घडवून आणायला प्रयोगशाळेचा फार थाट लागत नाही. मादीची अंडी आणि नराचं वीर्य एकत्र केलं की अंडं आपल्याकडचा गुणसूत्रांचा एक जादा संच बाहेर टाकायच्या तयारीला लागतं. नेमक्या त्या वेळी, म्हणजे फलनानंतर काही मिनिटांतच, अंड्यांना कोमट पाण्याचा किंवा मोठ्या दाबाचा धक्का द्यायचा. बाहेर पडणारा संच आतच अडकतो. मी हे काम केलंय. घड्याळाकडे डोळे लावून तबकाशी उभं राहायचं, पाण्याचा पारा अर्धा अंशही हलू द्यायचा नाही, आणि धक्का संपला की तबक पटकन थंड पाण्यात. नारिंगी अंडी आधी दिसत होती तशीच नंतरही दिसतात. काम साधलं की फसलं, हे पुढे रक्ताच्या पेशी तपासल्यावर कळतं.

असा मासा वांझ निघतो. साध्या मादीच्या पोटात अंडी पिकतात तेव्हा त्यांचं वजन तिच्या अंगाच्या दहा टक्क्यांच्या वर जातं. ते सगळं खाल्लेल्या अन्नातूनच आलेलं असतं. शिवाय प्रवाहात चढून जाणं, रेती उकरून घरटं करणं, नरांच्या मारामाऱ्या. ट्रिप्लॉइड मादीच्या मागे यातलं काहीच नाही. ती खाते आणि वाढते. पहिल्या दोन-तीन वर्षांत ती साध्या माशाच्या पुढे जातेच असं नाही, कधी मागेही पडते. फरक पडतो तो बाकीच्या विणीला लागतात तेव्हा.

म्हणून त्या विक्रमावर वाद झाला. मासा नियमानं पकडला, नियमानं तोलला, विक्रम बरोबरच आहे. पण माझ्या मते वहीत दोन रकाने हवेत. हाताने घडवलेला वांझ मासा आणि सरोवरानं घडवलेला मासा यांना एका रांगेत बसवलं की आकडा मिळतो, पण सरोवराबद्दल कळत काहीच नाही. आणि मला तर सरोवराचीच उत्सुकता.

मी नववीत आहे. रेनबो ट्राउट एका तळ्यात वीतभरच राहतो आणि दुसऱ्यात हातभर होतो. दोघांची जात वेगळी असते का?

जात एकच. शास्त्रीय नाव ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. समुद्रात जाऊन येणारा स्टीलहेड हासुद्धा तोच. पण तुझा प्रश्न पक्का आहे, म्हणून उत्तर जरा लांबवते.

माशाला माणसासारखं वाढ थांबायचं वय नसतं. तो मरेपर्यंत वाढू शकतो, फक्त वेग कमी होत जातो. तेव्हा 'हा एवढा मोठा कसा' याऐवजी 'तो छोटा का राहिला' असं विचारलं की गाठ लवकर सुटते. छोटा राहतो तो बहुधा गर्दीमुळे. खाणारी तोंडं जास्त, किडे-अळ्या तेवढ्याच. त्यात लवकर वीण सुरू झाली की उरलेसुरले कॅलरीही अंड्यांत जातात.

दुसरी गोष्ट घासाची. वीतभर ट्राउट पाण्यातले किडे खाऊन सुखानं जगतो. हातभर ट्राउटला तेच किडे एकेक टिपत बसावं लागलं तर पोहण्यात जेवढं खर्चलं तेवढंही परत मिळत नाही. त्याला मोठा घास हवा, म्हणजे बहुधा दुसरा मासा. ब्रिटिश कोलंबियातल्या कूटेने सरोवरात 'जेरार्ड' वाणाचे रेनबो राहतात. त्यांचा घास म्हणजे कोकॅनी. समुद्रात न जाता सरोवरातच जन्म काढणारा हा सॉकाय सॅमन. चंदेरी, तेलकट, उघड्या पाण्यात थव्यानं फिरणारा. जेरार्ड मासे थोडे मोठे झाले की किडे सोडून याच्या मागे लागतात. शिवाय विणीला येतात उशिरा, साधारण पाचव्या-सहाव्या वर्षी. तोवरची कमाई सगळी अंगावर. वसंतात ते सरोवरातून लार्डो नदीत चढतात आणि जेरार्ड नावाच्या जागी वितात. उथळ, नितळ पाण्यात ते गडद पाठीचे मासे काठावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

मोठं व्हायला मासेच खावे लागतात असंही नाही बरं का. अर्जेंटिनाच्या सांता क्रूझ प्रांतात, पॅटागोनियाच्या उजाड पठारावर, स्ट्रोबेल नावाचं सरोवर आहे. गळवाले त्याला जुरासिक लेक म्हणतात. मुळात तिथे मासेच नव्हते. होते ते गॅमरस, नखाएवढे कोळंबीच्या नात्यातले जीव, खडकाखडकाला चिकटून लाखोंनी. ट्राउट सोडले आणि ते त्यावर अक्षरशः फुगले. तोंड उघडं ठेवून पोहलं तरी पोट भरावं अशी स्थिती, मग शिकार करायला कष्ट कसले? एका गोष्टीची मात्र नोंद ठेव. त्याच पठारावरच्या तळ्यांत हूडेड ग्रीब नावाचा पाणपक्षी वितो. विज्ञानाला त्याची ओळख १९७४ मध्ये झाली आणि आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे. बाहेरून आणून सोडलेले ट्राउट हे त्यामागच्या कारणांपैकी एक. फोटोतल्या लठ्ठ माशानं कुणाचं अन्न खाल्लंय हे फोटोत येत नाही.

पिल्लं जास्त सोडली तर दांडगे मासेही जास्त मिळतील, हे साधं गणित नाही का?

नाही. उलटं आहे. न्यूझीलंडच्या टाउपो सरोवरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेनबो सोडले. पहिल्या पिढ्यांना रिकामं घर आणि भरलेलं कोठार मिळालं, मासे अफाट वाढले. मग त्यांची संख्या वाढली, तिथले मूळचे छोटे मासे संपत आले, आणि काही वर्षांत मोठ्या डोक्याचे, वाळक्या अंगाचे ट्राउट गळाला लागू लागले. सरकारनं काय केलं असेल? जाळी टाकून ट्राउटच काढून कमी केले. राहिलेले पुन्हा सुधारले. पुढे १९३० च्या दशकात स्मेल्ट नावाचे बोटभर मासे आणून त्यांच्या खाण्याची सोय केली.

बोटुकली सोडताना टाळ्या वाजतात, जाळी टाकून मासे कमी करताना शिव्या पडतात. पण दांडगे मासे हवे असतील तर बरेचदा दुसरंच काम करावं लागतं.

वरच्यासारखाच प्रश्न, पण वेगळा. खाणं कमी पडतं तर बाहेरून कोळंबीसारखे जीव आणून का सोडत नाहीत?

सोडले ना! त्याच कूटेने सरोवरात, १९४९ मध्ये. मायसिस नावाची बारीक गोड्या पाण्यातली कोळंबी. हेतू सरळ होता, ट्राउटला नवा खुराक. पण मायसिस दिवसभर खोल अंधारात बसते आणि रात्री वर येते. नजरेनं शिकार करणारा मासा दिवसा वर शोधतो, तेव्हा ती तिथे नसते. रात्री ती वर येऊन काय करते? पाण्यातले सूक्ष्म तरंगते जीव फस्त करते. कोकॅनीचं जेवण तेच. म्हणजे ट्राउटच्या घासाचाच घास पळवणारी पाहुणी घरात आली.

मग हे लगेच लक्षात का आलं नाही? कारण सरोवराच्या पश्चिमेकडच्या उथळ फाट्यात प्रवाह मायसिसला वर ढकलून आणायचा. तिथे कोकॅनींना ती आयती मिळाली आणि ते टरारून मोठे झाले. ते पाहून उत्तर अमेरिकेतल्या कितीतरी खोल सरोवरांत मायसिस नेऊन टाकली, आयडाहोच्या पाँड ओरेल सरोवरातही. त्या उथळ फाट्याची खुबी दुसरीकडे नव्हती. बऱ्याच ठिकाणी कोकॅनी घसरले. माझ्या पाहण्यातला दुसऱ्याच्या यशाची आंधळी नक्कल करण्याचा यापेक्षा महागडा नमुना नाही.

कूटेनेवर पुढे आणखी एक संकट आलं. वरच्या नद्यांवर धरणं झाली, गाळाबरोबर येणारं नायट्रोजन-फॉस्फरस त्यांच्यामागे अडकलं आणि सरोवर उपाशी पडलं. १९९२ पासून तिथे बोटीतून चक्क पातळ खत पाण्यात सोडतात, शेताला द्यावं तसं मोजूनमापून. मधल्या काळात कोकॅनी सावरले, आणि २०१० नंतरच्या दशकात पुन्हा कोसळले. तेव्हा जेरार्ड मासे संख्येनं उदंड पण अंगानं बारीक झाले होते. अधिकाऱ्यांनी गळवाल्यांना जास्त ट्राउट घरी नेण्याची मुभा दिली, कारण कोकॅनी खाणाऱ्या ट्राउटची गर्दी हीच अडचण होऊन बसली होती. टाउपोची गोष्ट आठवत असेल तर आश्चर्य वाटणार नाही.

दहा-पंधरा किलोचा ट्राउट किती वर्षांचा असतो? पन्नास?

छे. रेनबो फार जगणारा मासा नाही. बहुतेक सहा-आठ वर्षांत आटोपतात, थंड खोल सरोवरात काही अकरापर्यंत जातात. पाँड ओरेलचं उदाहरण घ्या. तिथे कूटेनेचे जेरार्ड वाणाचे मासे १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला सोडले आणि १९४७ मध्ये ३७ पौंडांचा, म्हणजे पावणेसतरा किलोंचा मासा गळाला लागला. सगळा संसार सहा-सात वर्षांच्या आतला.

वय कळतं खवल्यावरून. पाठीवरचा पर आणि पार्श्वरेषा (अंगाच्या बाजूनं जाणारी रेघ) यांच्या मधल्या पट्ट्यातून सुरीच्या टोकानं दोन-चार खवले खरवडून घ्यायचे, बुळबुळ धुऊन काचेच्या दोन पट्ट्यांत दाबायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. खवला वाढताना कडेनं एकेक कडं चढवत जातो. उन्हाळ्यात पोट भरलेलं, कडी सुटी-सुटी. हिवाळ्यात ती इतकी जवळ येतात की काळसर पट्टा दिसतो. पट्टे मोजले की हिवाळे मोजले.

दांडग्या माशाच्या खवल्यात मला नेहमी एक जागा शोधायला आवडायची. मधली दोन-तीन वर्षं कडी चिकटून, कंजूष. किडे खाण्याचे दिवस. मग एका उन्हाळ्यात अचानक अंतर दुप्पट होतं. मासा मासे खायला लागला तो उन्हाळा. ज्याच्या खवल्यावर ही जागा लवकर येते तो थोराड होतो. जिथे ती येतच नाही, तो सात वर्षांचा होऊनही ताटलीत मावतो. वीण झालेल्या माशात आणखी एक खूण असते. उपासाच्या काळात शरीर खवल्याची कडच खाऊन टाकतं, पुढच्या वाढीत तिथे ओबडधोबड व्रण उरतो. त्यामुळे म्हाताऱ्या, अनेकदा विणलेल्या माशांत खवला दगा देतो, वर्षं पुसली जातात. मग कानातला चुनखडीचा बारीक खडा कापून बघावा लागतो, आणि त्यासाठी मासा मेलेला असावा लागतो.

काटा जवळ नसताना वजन कसं काढायचं? सगळे अंदाजे फेकतात असा माझा संशय आहे.

संशय रास्त. फोटोसाठी हात पुढे ताणून मासा कॅमेऱ्याच्या नाकाशी आणला की दीड किलोचाही तीन किलोचा दिसतो. बोटं बघा. माणसाची बोटं त्याच्या चेहऱ्याच्या मानानं अवाढव्य दिसत असतील तर काय ते समजा.

मोजपट्टी असेल तर हिशेब सोपा आहे. लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या. पाठीवरच्या पराच्या अगदी पुढे, जिथे अंग सर्वांत जाड तिथला घेर घ्या. घेराचा वर्ग करा, लांबीनं गुणा आणि २९,००० ने भागा. उत्तर किलोत येतं. इंच-पौंडवाले याच सूत्रात ८०० ने भागतात. ८० सेंटिमीटर लांब आणि ५० घेराचा मासा साधारण ६.९ किलोंचा निघतो. घेर चुकून ५२ मोजलात तर तोच साडेसात किलोंचा होईल. लांबीत लोक फारसं खोटं बोलत नाहीत, खोटं मुरतं ते घेरात.

मोठा मासा सोडून द्यावा म्हणतात. सोडलेला खरंच जगतो का?

सोडण्याआधी तुम्ही काय केलंत त्यावर आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी सगळ्यांना ऐकवते. रेनबो ट्राउटना टाकीत थकेपर्यंत पळवलं. नुसते थकलेले होते त्यांतले १२ टक्के बारा तासांत मेले. थकवून वर ३० सेकंद हवेत धरले त्यांतले ३८ टक्के. ६० सेकंद धरले त्यांतले ७२ टक्के. प्रयोग छोटा होता आणि टाकीतला होता, तळ्यात आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. पाण्याबाहेर कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे एकमेकांना चिकटतात, आणि धावून दम लागलेल्या जीवाचा श्वास नेमका तेव्हाच बंद पडतो. फोटोसाठी मिनिटभर 'थांब, अजून एक' चालतं ना, ते हे मिनिट.

म्हणून गळाचा उलटा काटा पक्कडीनं आधीच चेपून ठेवा, सुटायला वेळ लागत नाही. जाळं रबराचं घ्या. हात ओले करा, कोरड्या हातानं अंगावरची बुळबुळ निघते आणि तिथून बुरशी शिरते. दोरी जाड वापरा आणि मासा लवकर ओढा, तासभर खेळवण्यात मर्दुमकी नाही. मासा जाळ्यात, जाळं पाण्यात, फोटोची तयारी पूर्ण, मगच क्षणभर उचला. आणि पाणी २० अंशांच्या वर गेलं असेल तर त्या दिवशी ट्राउटच्या मागे लागूच नका. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि त्याला गरज जास्त असते.

एक मात्र सांगते. जिथे मासे उदंड आणि किडकिडीत आहेत, तिथे प्रत्येक मासा भक्तिभावानं सोडणं हा उपकार नाही. नियम परवानगी देत असतील तर मधल्या आकाराचे खुशाल न्या.

शेवटचा आणि खरा प्रश्न : दांडगा ट्राउट सरोवरात नेमका कुठे बसलेला असतो, आणि आमिष कोणत्या रंगाचं?

रंगाचं मला विचारू नका, त्यावर लोकांची घरं मोडलेली आहेत. कुठे, ते सांगते. दोरीला थर्मामीटर बांधून पाण्यात सोडा आणि मीटर-मीटरवर वाचत जा. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलेलं, खालचं गार, आणि मध्ये एक पट्टा असा की दोन-तीन मीटरांत पारा धाडकन उतरतो. त्या पट्ट्याच्या आसपास, १२ ते १६ अंशांच्या पाण्यात ट्राउट फिरतो. पण त्याहून आधी त्याचा घास शोधा. खोलीमापकाच्या पडद्यावर कोकॅनीसारख्या छोट्या माशांचा थवा ढगासारखा दिसतो. मोठा मासा त्या ढगाच्या खालच्या कडेला किंवा थोडा बाजूला असतो. आमिष त्या घासाच्याच लांबीचं लावा. वीतभर माशांवर जगणाऱ्याला नखाएवढी माशी दाखवून उपयोग नाही, आणि स्ट्रोबेलसारख्या ठिकाणी बरोबर याच्या उलट.

वसंतात आणि शरदात वरखालचं पाणी एकसारखं गार होतं, मग खोली मोजत बसायचं कारण उरत नाही. तेव्हा पहाटे, वारा ज्या काठावर आदळतोय त्या काठाला जा. लाटांनी ढवळलेल्या त्या पाण्यात छोटे जीव गोळा होतात आणि मोठे मासे गुडघाभर पाण्यातही येतात. फक्त पाण्यात पाय टाकायच्या आधी गळ टाका. बहुतेक लोक मासा उभा असतो तिथेच आधी जाऊन उभे राहतात.